मेट्रनबाईंना प्रतिस्पर्धी हवा होता

डाव हरल्यावर इतकं मनापासून खूश होणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. राजाला हलायला जागा उरली नाही की मेट्रनबाई खुर्चीत मागे रेलायच्या, चष्मा काढून पदराने पुसायच्या आणि म्हणायच्या, "वा! कुठे चुकले मी?" त्या प्रश्नात हळहळ नसायची, त्यांना खरोखरच उत्तर हवं असायचं. मग सोंगट्या पुन्हा मांडून ती जागा त्या शोधून काढायच्या आणि सापडली की मला हाक मारून दाखवायच्या. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसे. पण त्यांचा चेहरा बघायला मी जात असे.

ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातून त्या मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. कल्याण पूर्वेला, विठ्ठलवाडीच्या बाजूला आमची बिल्डिंग होती. त्या पहिल्या मजल्यावर राहायच्या, मी आणि आई दुसऱ्या. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वापरत नसे. दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना मेट्रनबाईच म्हणायचे. उंच, सावळ्या, कडक स्टार्चची सुती साडी. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की तिथे दंगा करणारी पोरं आपोआप भिंतीला लागून उभी राहायची. त्या कुणाला रागावल्याचं मात्र मला आठवत नाही.

कसलीही वाईट बातमी सांगा, त्यांचं उत्तर ठरलेलं: "बरं. पुढे?" एकदा गच्चीवरची टाकी फुटली आणि मीटिंगमध्ये कुणाच्या हलगर्जीपणामुळे फुटली यावर तासभर भांडण झालं. सगळे दमल्यावर त्या म्हणाल्या, "बरं, टाकी फुटली. पुढे? संध्याकाळी पाणी कुठून भरायचं?" उत्तर त्याच घेऊन आल्या होत्या. शेजारच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीशी त्यांचं सकाळीच बोलणं झालं होतं.

बुद्धिबळ त्या शिकल्या पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डमध्ये. मांडीचं हाड मोडलेले एक प्राध्यापक तिथे पायाला वजन लटकवून पडले होते. दुपारी वॉर्ड शांत झाला की ते छातीवर पट ठेवून एकटेच खेळत बसायचे. तेव्हा तरुण सिस्टर असलेल्या बाईंनी एकदा विचारलं, हा घोडा असा वाकडा का जातो? तिथून सुरुवात झाली. "पेशंटला पळून जाता येत नव्हतं, म्हणून मी शिकले," असं त्या सांगायच्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्यांनी प्राध्यापकांना हरवलं. प्राध्यापकांनी जाताना तो पट सिस्टरच्या हातात ठेवला.

आमच्या बिल्डिंगमधल्या पेशंटांना मात्र पळून जाता येत होतं. तळमजल्यावरचे म्हात्रेकाका, समोरचे बँकेतले कुलकर्णी, तिसऱ्या मजल्यावरचे रेल्वेतले एक गृहस्थ, असे तिघे आपापल्या कंपूत नावाजलेले खेळाडू. तिघेही बाईंकडे एकदा-एकदा जाऊन हरून आले आणि त्यानंतर तिघांनाही अचानक कामं निघायला लागली. म्हात्रेकाका मूळचे खाडीकाठच्या गावातले. ते बाईंना जिन्यात बघूनच वेळ नसल्याचं सांगायचे, "बाय, मना आज येल नाय." बाई म्हणायच्या, "मी अजून विचारलंही नाही, म्हात्रे."

खरं तर बाईंना बाहेर जाऊन खेळायला आवडलं असतं. डोंबिवलीत एका वाचनालयात रविवारी चांगले खेळाडू जमतात, हे त्यांना माहीत होतं. पण घरात अक्का होत्या. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेली. आई लवकर गेल्यावर अक्कांनीच धाकटीला वाढवलं, स्वतः लग्न न करता नर्सिंगला घातलं. आता त्यांची आठवण गेली होती. दार उघडं दिसलं की शाळा भरायची वेळ झाली म्हणून त्या बाहेर पडायच्या. एकदा त्या थेट स्टेशनपर्यंत गेल्या आणि भाजीवालीने ओळखून त्यांना परत आणलं. तेव्हापासून बाईंनी स्वतःचं फिरणं बंद केलं. सकाळी दोन तास एक मावशी यायची, तेवढ्यात बँक, बाजार, औषधं. बुद्धपौर्णिमेला विहारात जातानाही दोघी हात धरून जायच्या आणि अक्कांना कंटाळा आला की लगेच परतायच्या.

अशात त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला. त्यांचा भाचा नोकरीला मस्कतला गेला आणि जाताना आपलं मशीन बाईंकडे ठेवून गेला. ते जोडून द्यायला बाईंनी मला बोलावलं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी तेव्हा नौपाड्यातल्या एका लहानशा कंपनीत लागले होते. तिथे कॉम्प्युटर जोडून विकायचे. कामाला मी टेक्निशियन होते, पण मालक मला बिलं करायला बसवायचे; स्क्रू ड्रायव्हर हातात यायचा तो बाकीचे जेवायला गेले की. भाच्याच्या फ्लॉप्यांमध्ये बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम निघाला. मी तो सुरू करून दिला आणि वर गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी जिन्यातच मला गाठलं.

"शुभा, तुझा पाहुणा बरा खेळतो. पण घाईत खेळतो."

मी त्यांना समजावलं की त्याला पातळ्या असतात. खालच्या पातळीवर तो झटपट चाल करतो, वरच्या पातळीवर जास्त विचार करतो. मग बाई एकेक पातळी चढत गेल्या. शेवटच्या पातळ्यांवर तो खरोखर चांगला खेळायचा, पण एका चालीला इतका वेळ लावायचा की मध्ये कुकर होऊन जाई, अक्कांचं जेवण होई, भांडी होत, तरी पडद्यावर विचार चालू असल्याचं ते घड्याळ फिरतच असे. "विचार करायला लावला की हा रिटायर झाल्यासारखा बसतो," बाई म्हणाल्या. "आणि अक्का उठली की मला डाव सोडावा लागतो. एकही डाव पुरा होत नाही. ह्याला जरा हुशार करता येईल का?"

मी हसले. म्हटलं, "बाई, तुम्ही जिंकताय ना? मग कशाला?"

त्या हसल्या नाहीत. आत अक्का खिडकीतल्या चिमण्यांची हजेरी घेत होत्या. बाई त्यांच्याकडे बघत म्हणाल्या, "अक्काचं हे सुरू झालं तेव्हा कुणालाही कळलं नाही. मलाही नाही, आणि मी नर्स. ती सगळ्यांना हो हो म्हणायची, हसायची. आम्हाला वाटलं, वयाने शांत झाली. तिला कुणी उलट बोलायचं नाही, कुणी काही विचारायचं नाही. सगळे मान द्यायचे." मग त्या म्हणाल्या, "मलाही आता सगळे मान देतात. माझं डोकं चालतंय की नुसती सवय चालतेय, हे मला कोण सांगणार? मला मान न देणारा कुणीतरी हवा, शुभा. जो मी चुकले की हरवेल."

त्यानंतर मी हसले नाही. रात्री जेवताना आईला हे सांगितलं तर तिचाही घास हातात राहिला.

नवीन मशीन घेणं शक्यच नव्हतं. अक्कांची औषधं, मावशीचा पगार आणि घरखर्च जाऊन पेन्शनमधून जे उरायचं, त्यात पेंटियमचं खोकंसुद्धा आलं नसतं. कल्याणच्या एका दुकानदाराने, हे भंगारात काढा, असा सल्ला दिला. भाच्याने फोनवर पैसे पाठवतो म्हटलं, तेव्हा बाईंनी त्याला स्वच्छ सांगितलं, "मशीन तू दिलंस. मेंदू मी देईन."

मी कॅबिनेट उघडून आत बघितलं. पेंटियमच्या आधीच्या पिढीचं ४८६ होतं, वेग पंचवीस मेगाहर्ट्झ. पण त्याच मदरबोर्डवर सहासष्टचा प्रोसेसर बसू शकत होता. वेग ठरवणारे जम्पर कुठे लावायचे याचा तक्ता बोर्डाच्या कडेलाच बारीक अक्षरांत छापलेला होता. बाकी काही न बदलता फक्त तो चौकोनी तुकडा बदलायचा, म्हणजे तेवढ्याच वेळात मशीन दुपटीहून जास्त विचार करणार. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू केलंयस हे आधी?"

"बघितलंय."

"बघितलंय म्हणजे निम्मं झालं. उरलेलं निम्मं माझ्याकडे कर."

नवा प्रोसेसरही बजेटच्या बाहेर होता. पण मला ऑफिसात कळलं होतं की माजिवड्याला एक ट्रान्स्पोर्टवाला आपले जुने, सहासष्टचे कॉम्प्युटर विकून पेंटियम घेतोय. अक्कांजवळ माझी आई बसली आणि मी आणि बाई ठाण्याला उतरून रिक्षाने तिथे गेलो. मालक तोंडात पानमसाला धरून बोलत होता.

"पुरा सेट घ्या ना मॅडम, चांगल्या भावात देतो."

"पुरा सेट घरी आहे. मला त्यातला एवढाच हवा," बाईंनी बोटांनी चौकोन करून दाखवला.

"तो काढून दिला तर बाकी डबा कोण घेईल?"

बाईंचं लक्ष कोपऱ्यात गोणपाट टाकलेल्या एका मशीनकडे गेलं. "तो झाकून का ठेवलाय?"

"तो मेलेला आहे. लाइट गेली, आली, आणि धूर निघाला."

"धूर कुठून निघाला?"

मालक माझ्याकडे बघायला लागला. मी ते उघडलं. पॉवर सप्लाय जळून काळा झाला होता, बोर्डावरही एका बाजूला डाग पडला होता. प्रोसेसर मात्र वरून स्वच्छ दिसत होता. आत काय झालंय ते सांगता येण्यासारखं नव्हतं. मालकाने जो आकडा सांगितला, तो बाईंनी पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवलेल्या रकमेपेक्षा जास्त होता. बाईंनी तो कप्पा त्याच्यासमोर उघडून दाखवला. "एवढे आहेत. घासाघीस करत नाही, खरंच एवढेच आहेत."

"लेकिन गॅरंटी नाही हां मॅडम. नंतर परत आणायचा नाही."

"सगळं आयुष्य हॉस्पिटलात गेलं माझं," बाई म्हणाल्या. "गॅरंटी मागायची सवयच गेली."

तो हसला आणि मान हलवली. मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, तो जळालेला निघाला तर पैसे बुडाले. परत एवढे साठायला वर्ष जाईल."

"आणि जळालेला नसला तर?"

"तर मग झकासच."

"मग काढ."

मालकाची माणसं भोवती उभी राहून बघत होती. घाईत मी तो सॉकेटमधून उपटला आणि त्याच्या दोन पिना वाकल्या. रिक्षात बसल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. बाईंनी तो तुकडा उन्हाकडे धरून बघितला. "दोनच ना? बाकी केवढ्यातरी सरळ आहेत."

रविवारी सकाळी अक्कांना न्याहारी देऊन आम्ही जेवणाच्या टेबलावर काम मांडलं. बाईंनी टेबल आधी स्पिरिटने पुसून घेतलं. त्याशिवाय त्यांना राहवलं नसतं. आधी वाकलेल्या पिना. मी चिमट्याने प्रयत्न करणार तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं आणि कपाटातून सलाइनची जाड सुई आणली. सुईचं पोकळ टोक त्यांनी अलगद पिनेवर चढवलं आणि श्वास रोखून ती हळूहळू सरळ केली. एक झाली. मग दुसरी. "शीर सापडत नसली की घाई करायची नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

जुना प्रोसेसर काढायचं काम माझं. ह्या सॉकेटला खटका नव्हता, चारही बाजूंनी थोडं थोडं उचकायला लागत होतं. घसा तपासताना जीभ दाबायची स्टीलची पट्टी बाईंनी माझ्या हातात दिली. मी एका बाजूने किंचित, मग समोरून किंचित, असं करत गेले आणि तो सुटून वर आला. एकही पिन वाकली नाही. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. आता जम्पर. जम्पर म्हणजे मुगाच्या दाण्याएवढी प्लास्टिकची टोपी. ती कोणत्या काड्यांवर बसवली यावर मशीनचा वेग ठरतो. मी ते काढून बशीत ठेवले होते. तक्ता वाचून वळले तर बशी रिकामी. मागे अक्का उभ्या होत्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली.

मी घाबरून पुढे झाले, तर अक्कांनी मूठ तोंडाकडे नेली. त्यांनी ते गिळले असते तर मशीनचं सोडा, काय झालं असतं कुणास ठाऊक. बाईंनी मला डोळ्यांनी मागे केलं. मग त्या अक्कांच्या समोर गेल्या, हात मागे बांधले, मान खाली घातली आणि लहान मुलीच्या आवाजात म्हणाल्या, "बाई, माझी पेन्सिल हरवली."

अक्कांचा हात थांबला. त्यांनी बहिणीकडे नीट बघितलं. "कुठे ठेवली होतीस?"

"इथेच, बाई. टेबलावर."

"वर्गात आपापल्या वस्तू सांभाळाव्यात," अक्का म्हणाल्या आणि मूठ उघडली. सगळे जम्पर तळहातावर होते. "परत हरवलीस तर मिळायची नाही."

"होय, बाई."

अक्का समाधानाने आत जाऊन बसल्या. मेट्रनबाईंनी जम्पर माझ्या बशीत ओतले आणि पाठ फिरवून गॅसपाशी गेल्या. चहा ठेवायला गेल्या असं त्यांनी मला दाखवलं. मीही तसंच समजल्याचं दाखवलं.

जम्पर लावले. प्रोसेसरचा छाटलेला कोपरा सॉकेटच्या खुणेशी तीन वेळा ताडून बघितला आणि तो बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच. ना आवाज, ना अक्षर. मी बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. माझ्या डोळ्यांपुढे माजिवड्याचं ते जळकं मशीन आलं.

"बाई, मेलेलाच होता तो," मी म्हटलं.

"बरं. पुढे?" त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा मऊ आवाजात, "शुभा, मेला हे शेवटी म्हणायचं. आधी काय काय तपासतात?"

वायर काढून मी पहिल्यापासून सगळं तपासलं. जम्पर बरोबर होते. मग टेबलाच्या उंचीवर डोळा आणून आडवं बघितलं, तर प्रोसेसरची एक बाजू केसभर वर राहिली होती. आत गेलीच नव्हती. भीतीने मी पुरता जोरच लावला नव्हता. बोर्डाखाली आधाराला घडी केलेला पेपर सरकवला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. कट्‌कन आवाज झाला. मला वाटलं, मोडला. बाई म्हणाल्या, "आता लाव."

मशीनने 'बीप' केलं. पडद्यावर मेमरी मोजली जायला लागली, आणि खालच्या ओळीत सहासष्ट हा आकडा आला. मी ओरडले. अक्का आतून म्हणाल्या, "शांतता!"

त्याच दुपारी मेट्रनबाई हरल्या, आणि डाव मध्ये न सोडता, शेवटपर्यंत खेळून हरल्या. त्या तडक तळमजल्यावर गेल्या आणि म्हात्रेकाकांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हात्रे, मी हरले!" म्हात्रेकाका चप्पल न घालताच वर आले. बाईंना हरवणारं यंत्र बघायला मग कुलकर्णी आले, रेल्वेवाले आले. तिघेही यंत्राशी खेळले, तिघेही हरले आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. यंत्राकडून हरण्यात कसली आली लाज! तिथे बसून बसून एक दिवस कुलकर्णीच म्हणाले, "बाई, मशीन बिझी आहे तोवर आपण एक मांडूया का?" झालं. संध्याकाळी बाईंच्या घरी दोन-दोन पट मांडले जायला लागले. अक्कांना तो वर्ग वाटायचा. मोठ्याने बोलणाऱ्याला त्या हात वर करून बोलायला सांगायच्या आणि म्हात्रेकाका खरोखर हात वर करून "बाई, पानी पिऊ का?" असं विचारायचे.

बाई कधी हरत, कधी जिंकत. हरल्या त्या डावातली चूक त्यांना सापडतेय तोवर आपण शाबूत आहोत, असा त्यांचा हिशेब होता आणि तो त्यांनी स्वतःपुरता मिटवला होता. मलाही त्या कामाने काहीतरी दिलं. पुढच्या सोमवारी मी मालकांना सांगितलं, मला बिलं नकोत, मशीन जोडायचं टेबल हवं. ते कुरकुरले, पण मिळालं.

दीड-एक वर्षाने अक्का गेल्या, झोपेतच. घरात बुद्धवंदना झाली. बाई पांढऱ्या साडीत ताठ बसून होत्या. आता त्या डोंबिवलीला रविवारी खेळायला जातील, अशी माझी कल्पना होती. गेल्याही, एक-दोनदा. मग एका संध्याकाळी त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाला बोलावलं आणि सांगितलं की त्या जव्हारला निघाल्या आहेत. तिथे गावपाड्यांतल्या मुलींसाठी नर्सिंगचा एक वर्ग चालायचा आणि शिकवायला कुणी टिकत नव्हतं.

"ह्या वयात?" कुलकर्णी म्हणाले.

"डोकं चालतंय," बाई म्हणाल्या. "मी खात्री करून घेतलीय. ते घरात ठेवून काय करू?"

ठाण्याच्या एसटी स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी. बस सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. पहिली एक-दोन वर्षं त्यांचे निरोप यायचे. मग माझं लग्न झालं, मी ठाण्यात राहायला आले, आणि सगळ्यांचं होतं तसं आमचं झालं.

काही वर्षांनी माझ्या आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. तिला ठाण्यातच दाखल केलं होतं. सकाळच्या पाळीला एक सडपातळ, काळीसावळी सिस्टर आली. तिने आईची नाडी घेतली, पट्टी बघितली. मी विचारलं, "सिस्टर, आई बरी होईल ना?" सगळे आत्तापर्यंत 'होईल, होईल' म्हणून पुढे गेले होते. ती थांबली, माझ्याकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "आज सांगता नाही येणार, ताई. उद्या सांगता येईल. पण मी संध्याकाळपर्यंत इथेच आहे."

तिचं ते बोलणं ऐकून मी विचारलं, ती कुठे शिकली. ती म्हणाली, जव्हारला.

मी मेट्रनबाईंचं नाव घेतलं. तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "तुम्ही ओळखायच्या बाईंना? ताई, त्या गेल्या. दोन वर्षं होतील आता. शेवटच्या आठवड्यापर्यंत शिकवत होत्या. आम्ही सगळ्या मुली होतो जवळ, कुणीच घरी गेलो नव्हतो."

वॉर्डभर सकाळची लगबग चालू होती. आईने झोपेतच कण्हून मान हलवली. सिस्टरने माझ्या दंडाला हात लावला.

"ताई, रडायचं ते नंतर रडू. मी पण रडेन. आधी आईंना कुशीवर करायचंय, पाठ भरून येईल नाहीतर. तुम्ही खांद्याकडून धरा."

मी डोळे पुसले आणि आईच्या खांद्याखाली हात घातला.